आक्रमण की अतिक्रमण?

आमच्या घरातील रुई नावाच्या सशीविरुद्ध गेल्या पावसाळ्यात आमच्याच ओसरीवर, आमच्याच चहाच्या साक्षीने जी फिर्याद गुदरण्यात आली, तिचा मजकूर थोडक्यात असा होता की, सदरहू प्राणी अन्नदात्याच्या हाताला चावण्याइतका कृतघ्न असल्याने पाळीव म्हणवून घेण्यास नालायक आहे. त्यास एकवार चांगली दहशत बसविली पाहिजे. आणि तेवढ्यानेही तो ताळ्यावर येत नसेल, तर धानोऱ्याच्या रस्त्याला नेऊन जंगलात सोडून दिला पाहिजे, म्हणजे त्याचे तो पाहून घेईल. फिर्यादी गृहस्थ आमच्या आळीतील वडीलधारे. पस्तीस-चाळीस वर्षे त्यांनी शाळेत मुले शिकविली, आणि शिकविताना छडीचा सढळ उपयोग केला हे ते आजही अभिमानाने सांगतात. “एक ठेवून द्या जी तिले, मंग पाहा कशी नरम येते ते,” हे त्यांचे निर्वाणीचे शब्द. मी त्या दिवशी काही बोललो नाही, कारण माझ्या उजव्या अंगठ्याला पट्टी होती, आणि पट्टी बांधलेल्या वकिलाने आरोपीची तरफदारी करावी हे सभ्य दिसत नाही. परंतु त्यानंतरच्या सहा महिन्यांत हाच सल्ला मला इतक्या निरनिराळ्या मुखांतून, इतक्या खात्रीने आणि प्रत्येक वेळी इतका फुकट मिळाला, की त्याला लेखी जबाब देणे आता प्राप्तच झाले आहे.

माझी पहिली हरकत शब्दाला आहे. रुई ‘आक्रमक’ झाली, असे सर्वांनी म्हटले. प्रथम मीही म्हटले. वस्तुतः आमच्या मुलखात हा शब्द इतका स्वस्त असू नये. २०२२ च्या ऑक्टोबरात वडशाच्या जंगलात वनखात्याने सीटी-१ नावाचा जो वाघ जेरबंद केला, त्याच्या नावावर तेरा माणसांचे मृत्यू मांडलेले होते. त्याच्या आदल्या वर्षी छत्तीसगडातून उतरलेल्या रानहत्तींच्या कळपाने शेतांतले धान तुडविले. आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफुले वेचायला पहाटे रानात शिरणाऱ्या बाईला हल्ला म्हणजे काय, हे कोणत्याही कोशात पाहावे लागत नाही. अशा जिल्ह्यात राहून, दीड किलो वजनाच्या आणि कोथिंबिरीच्या काडीवर संतुष्ट होणाऱ्या जिवाला तेच विशेषण लावताना आपली जीभ अडखळत नाही, याचे कारण एवढेच की जखम आपल्या अंगठ्याला झालेली असते.

आता प्रत्यक्ष घटनेचा पंचनामा करू. वेळ सकाळी सातची. स्थळ, मागच्या पडवीतील तारेचा पिंजरा. लांबी अडीच हात, रुंदी दीड हात. रुई आतल्या कोपऱ्यात तणसावर बसलेली. मी दार उघडले, आणि रात्रीची ॲल्युमिनियमची ताटली बाहेर काढण्यासाठी उजवा हात सरळ तिच्या तोंडासमोरून आत घातला. तिने कान पाठीला चिकटविले, शेपटी उभी केली, नाकातून एक आखूड घोगरा हुंकार काढला, आणि पुढचे दोन्ही पंजे ताटलीवर आपटून माझ्या अंगठ्याच्या मुळाशी दात रोवले. मी हात झटकन मागे घेतला, ताटली उलटली, ती पुन्हा कोपऱ्यात जाऊन बसली. पाठलाग केला नाही, दुसरा चावा घेतला नाही, दार उघडे असूनही बाहेर आली नाही.

हयातभर महसूल खात्यात काम केलेल्या माणसाने हा पंचनामा वाचला, तर त्याच्या मनात पहिला प्रश्न येईल तो हा की, हात कोणाचा होता आणि हद्द कोणाची होती. रुईला बारा वर्षांची वहिवाट सांगता येणार नाही हे खरे, कारण तिचे वय तेव्हा सात महिन्यांचे होते. पण त्या पिंजऱ्याच्या प्रत्येक गजाला, ताटलीच्या काठाला आणि तणसाच्या ढिगाला तिने आपली हनुवटी घासून ठेवलेली होती. सशाच्या हनुवटीखाली गंधग्रंथी असतात, आणि तो जे जे घाशीत जातो ते ते आपल्या ताब्यात असल्याची नोंद करीत जातो. आमच्याच जिल्ह्यातील मेंढा (लेखा) हे गाव २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळविणाऱ्या देशातील अगदी पहिल्या गावांपैकी. तिथल्या रानातला बांबू आज ग्रामसभेला विचारल्यावाचून कोणी तोडून नेऊ म्हणेल, तर त्याला आपण अतिक्रमण म्हणू आणि अडविणाऱ्यांची बाजू घेऊ. रानावरच्या निस्तारहक्काची भाषा ज्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या मुरली आहे, त्या मुलखातील सुशिक्षित माणसाला अडीच हातांच्या पिंजऱ्यापुरती ती विसरावीशी वाटते, हे मात्र चमत्कारिक आहे. रुईचे ते आक्रमण नव्हते. अतिक्रमण माझे होते, आणि तिने ते अडविले.

यावर फिर्यादी पक्ष म्हणेल की, हद्दीचा मुद्दा घटकाभर मान्य, पण सशासारख्या गरीब जनावराने चावावे म्हणजे त्याचा मूळ स्वभावच बिघडलेला असला पाहिजे. या म्हणण्यातील ‘गरीब’ हे विशेषण कोठून आले, ते पाहण्यासारखे आहे. लहानपणी पाठीवर पान पडले म्हणून आभाळ कोसळल्याची बोंब मारीत धावणारा ससा आपण ऐकला, आणि ससा भित्रा, हा निकाल तेव्हाच कायम झाला. पंचतंत्रात भासुरक नावाच्या सिंहाला विहिरीतील प्रतिबिंबावर झेप घ्यायला लावून जिवानिशी घालविणाराही ससाच होता, ही साक्ष मात्र आपण निकालाच्या वेळी विचारात घेतली नाही. आणि मराठी भाषेने तर आपल्याविरुद्ध एक कबुलीजबाबच लिहून ठेवला आहे: माणसाची चोहोकडून जी दैना होते, तिला आपण ससेहोलपट म्हणतो. ज्या प्राण्यामागे कुत्रे सोडून, हाका घालून, पिढ्यान्‌पिढ्या आपण त्याची होलपट केली, आणि ती इतक्या वेळा पाहिली की तिचा शब्द करून टाकला, तोच प्राणी आपला हात येताना पाहून सावध झाला तर तो त्याच्या स्वभावाचा बिघाड कसा?

शिवाय तो हात त्याला नीट दिसतही नाही. सशाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. मान न वळविता त्याला आजूबाजूचे, मागचे, वरचे जवळजवळ सगळे दिसते. दिसत नाही ते नेमके नाकासमोरचे आणि हनुवटीखालचे. नाकासमोर चालणाऱ्या माणसाचे आपण कौतुक करतो, आणि सशाच्या नाकासमोरून हात घालतो. म्हणजे सबंध खोलीतील ज्या एका जागी त्याला आंधळेपण आहे, तीच जागा प्रेम करण्यासाठी निवडतो. त्यात सातवा महिना. पाळीव ससा साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात वयात येतो, आणि कालपर्यंत मांडीवर झोपणारे पिलू आपल्या जागेसाठी भांडू लागते. मादीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते: नराचा संबंध आलेला नसतानाही तिच्या शरीराला गर्भ राहिल्याचा भास होतो, आणि सोळा-अठरा दिवस ती त्या भासाप्रमाणे वागते. चावण्याच्या दोन दिवस आधी रुई तोंडात तणस धरून कोपऱ्यात नेत होती आणि स्वतःच्या छातीचे केस उपटून त्यावर पसरीत होती, हे मी डोळ्यांनी पाहिले होते. नातवाला बोलावून ‘बघ, कशी गंमत करते’ असे म्हटलेही होते. ती बाळंतिणीची खोली मांडीत होती, आणि मी त्या खोलीत ताटली काढायला हात घातला.

दुखण्याचा विचार तर आपण सर्वांत शेवटी करतो. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात. गवत चघळून ते झिजले नाहीत तर गालात, जिभेत रुततात, आणि हिरड्या ठणकत असलेला ससा लाड करणाऱ्याच्या हाताला चावतो यात नवल ते काय? चित्रांतल्या सशाच्या हाती गाजर देऊन ठेवणाऱ्या मंडळींनी याचा मोठा घोटाळा केला आहे. गाजर गोड, ते केवळ चवीपुरते. त्याचे खरे अन्न म्हणजे गवत, गवत आणि पुन्हा गवत. यास्तव चावऱ्या सशाला आधी पशुवैद्याकडे न्यावे, मग त्याच्या चारित्र्याविषयी बोलावे. जाता जाता हेही सांगितले पाहिजे की घरात उरलेली प्रतिजैविकाची गोळी त्याला देऊ नये. अमॉक्सिसिलिनसारखे आपल्याला सहज पचणारे औषध तोंडावाटे दिले असता सशाच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू नष्ट होऊन तो दगावू शकतो.

आता धाकाचा मुद्दा. या मुद्द्यावर प्रतिपक्षाने दोन साक्षीदार उभे केले आणि दोन्ही आमच्याच जिल्ह्यातले. कमलापूरचे माहूत एवढ्या थोरल्या हत्तीला अंकुशाने वाकवितात, आणि हेमलकशाला डॉ. प्रकाश आमटे बिबट्याला कुशीत घेतात. मग तुम्हाला एक ससा आवरता येऊ नये? टोमणा चांगला आहे; पण साक्षीदार फितूर आहेत. कमलापूरचे हत्ती चरण्यासाठी जंगलात सोडले जातात आणि माहूत त्यांना पुन्हा घेऊन येतात. अथांग रानात मोकळा सुटलेला हत्ती माहुताची हाक ऐकून परततो तो काय अंकुशाच्या भीतीने? भीतीच प्रमाण असती, तर सुटल्यावर त्याने इंद्रावती गाठली असती. आणि हेमलकशाचा इतिहास तर याहून बोलका आहे. १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाल्यानंतरच्या आरंभीच्या काळात डॉ. आमटे यांना शिकारीहून परतणारे माडिया आदिवासी भेटले. मारलेल्या माकडिणीला तिचे जिवंत पिलू बिलगलेले होते. ते पिलू त्यांनी मागून घेतले, आणि पुढे, शिकार करणाऱ्यांना पापी न ठरविता, तुम्ही भुकेसाठी मारता हे मला समजते, पिले मला आणून द्या आणि मोबदल्यात धान्य न्या, असा रिवाज पाडला. तेथील बिबटे आणि अस्वले अशा रीतीने पोरकी होऊन आली, बाटलीने दूध पिऊन वाढली. त्यांच्या विश्वासाच्या मुळाशी छडी कोठे आहे, ती फिर्यादींनी दाखवावी.

हत्ती आणि बिबट्या यांना धाक दाखविता येतो असे वादासाठी मानले, तरी सशाला तो दाखविता येतच नाही, कारण तो आधीच पुरेपूर भरलेला असतो. ससा भक्ष्य म्हणून जन्माला आला. त्याला जमिनीवरून उचलणारे जे जे काही त्याच्या पूर्वजांना लक्षावधी वर्षांत भेटले, ते खाण्यासाठीच उचलीत होते. आपण ज्याला लाडाने उचलणे म्हणतो, त्याचा त्याच्या रक्तातील अर्थ ‘मेलो’ असा आहे. म्हणून तो मागच्या पायांनी झटके देतो, आणि ते पाय इतके बळकट व त्याची हाडे इतकी हलकी, की त्या झटक्याने त्याच्याच पाठीचा कणा मोडू शकतो. कान धरून उचलण्याविषयी न बोलणेच बरे. तथापि आमच्याकडे आलेल्या एका पाहुण्याने, रुई चावण्याच्या आदल्याच आठवड्यात, तिला तशी उचलून मुलांना दाखविले होते आणि आम्ही सारे हसलो होतो, हे आरोपीच्या वतीने नमूद करणे माझे कर्तव्य आहे. आणखी एक उपाय जाणकारीच्या आविर्भावात सांगितला जातो: उताणी पाडून दाबून धरा, पाहा कशी शांत होते. होते खरी. हात-पाय ताठ, डोळे उघडे, श्वास कमी. ही शांतता सुखाची नव्हे; वाघाच्या जबड्यात सापडलेल्या हरणाचीही शांतता अशीच असते. छडीखाली गप्प बसलेला वर्ग आणि समजून गप्प बसलेला वर्ग यांतील फरक जर गुरुजींना नोकरीत असताना कळला नसेल, तर मी आता सांगून काय उपयोग?

जंगलात सोडून देण्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. आपण दोघांनाही ससा म्हणतो, येथेच चूक होते. आमच्या रानातला करडा-तांबूस ससा जन्मतो तो अंगावर केस घेऊन आणि डोळे उघडून, उघड्या गवतात. तो बीळ खणीत नाही. पिंजऱ्यातला ससा युरोपच्या आयबेरियन द्वीपकल्पातील बिळात राहणाऱ्या जातीचा वंशज. तो नागडा आणि आंधळा जन्मतो. दोघांच्या गुणसूत्रांची संख्यादेखील भिन्न: रानसशाची ४८, पाळीवाची ४४. पांढऱ्याशुभ्र रुईला धानोऱ्याच्या सागवनात सोडणे म्हणजे कोल्ह्या-मुंगसांना पंगतीचे आमंत्रण देणे, आणि ज्याला पोटाची तरतूद करता येत नाही अशा पाळीव जनावराला वाऱ्यावर सोडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे. एकवेळ खाटकाला देतो म्हणणारा माणूस मला अधिक प्रामाणिक वाटेल; तो निदान ‘तिचे ती पाहून घेईल’ असे स्वतःला फसवीत नाही.

मग आम्ही केले काय? सर्वप्रथम पिंजरा तिच्या नावावर केला. दार दिवसभर उघडे, बाहेर पडवीचा एक कोपरा जाळीने अडविलेला. साफसफाई ती स्वतः होऊन बाहेर आल्यावरच. आत हात घालण्यास घरातील सर्वांना सक्त मनाई. नागपूरला नेऊन तिची निर्बीजीकरणाची शस्त्रक्रिया करून घेतली. मादीच्या गर्भाशयाला वयाबरोबर कर्करोगाचा मोठा धोका असतो, म्हणून ती अन्यथाही इष्टच होती. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वी त्याला माणसासारखे उपाशी ठेवायचे नसते, ही गोष्ट डॉक्टरांनी बजावून सांगितली. शरीरातील उसळी ओसरायला पुढे काही आठवडे लागतात; ते आठवडे मी जमिनीवर बसून काढले.

जमिनीवर बसणे हाच सारा उपचार. संध्याकाळी दिवे लागण्याच्या वेळेस ससा जागा आणि हुशार असतो. त्या वेळी मी चटईवर, तिच्याकडे पाठ करून, वर्तमानपत्र वाचीत बसे. पहिल्या दिवशी पान उलटल्याचा आवाज झाला की ती मागचा पाय जमिनीवर दाणकन आपटी. ही सशांची धोक्याची घंटा. तिसऱ्या दिवशी आपटणे थांबले. चौथ्या दिवशी मागून काहीतरी ओलसर आणि केसाळ टाचेला लागले आणि क्षणात नाहीसे झाले. मी मान वळविली नाही. आयुष्यात इतका मोठा मोह मी क्वचितच आवरला असेन. मग कोथिंबीर, हातातून नव्हे, लांब दांड्याच्या लाकडी पळीतून. त्या पळीवर ती पहिल्याने तुटून पडली; दातांच्या दोन खुणा आजही पळीवर आहेत. या जागी बहुतेक माणसे चुकतात. ससा अंगावर आला की ती हात मागे घेतात, आणि अंगावर गेले की हात जातो हा धडा ससा त्याच दिवशी पाठ करतो. पळी मी हलविली नाही. मागे घेतली नाही, पुढे रेटली नाही. पळी पळत नाही आणि मारीतही नाही अशी तिची खात्री पटायला नऊ दिवस लागले. नंतर पळीचा दांडा रोज थोडा आखूड धरीत गेलो. मग जाड बाहीचा सदरा घालून हात, तोही बाजूने, तिच्या डोळ्याला दिसेल असा वरून आणून, दोन डोळ्यांच्या मधोमध कपाळावर. हनुवटीखाली कधीही नाही. एके संध्याकाळी तिने मान खाली घालून कपाळ पुढे केले, आणि दातांवर दात हलकेच घासल्याचा एक बारीक आवाज येऊ लागला. मांजराच्या घुरघुरीच्या जागी सशाजवळ हा आवाज असतो.

हे सरळ रेषेत घडले असे कोणी समजू नये. दिवाळीत फटाक्यांनी ती तीन दिवस तणसातून बाहेर आली नाही, आणि भाऊबीजेला आलेल्या एका बालकाने प्रेमातिशयाने तिला उचलले, त्याने पंधरा दिवसांची पुण्याई धुऊन निघाली. पुन्हा पळी, पुन्हा पाठ फिरवून बसणे. फिर्यादींच्या बाजूने मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. हा प्राणी आम्ही आठवडी बाजारातून, नातवाने हट्ट धरला म्हणून, एखादे खेळणे घ्यावे तसा घेतला, आणि मुलाच्या हाती देऊन टाकला. ससा पाळू नये असे जर गुरुजी म्हणाले असते, तर त्यांचे म्हणणे मी तेव्हाच मुकाट्याने मान्य केले असते.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि तोच सर्वांत सभ्य आहे. ज्या जिल्ह्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो आणि आजाऱ्याला दवाखाना गाठणे मुश्कील होते, तेथे सशाच्या रुसव्यावर महिने खर्च करणे हे चोचले नव्हेत काय? प्रश्न मला टोचला, हे लपवीत नाही. पण दया ही रेशनच्या दुकानातील साखरेसारखी मोजून आलेली नसते, की सशाला चिमूटभर दिली तर माणसाच्या वाट्याला कमी पडेल. हेमलकशाला दवाखाना आणि प्राण्यांचे अनाथालय एकाच आवारात, एकाच माणसाच्या हातून उभे राहिले. आणि हा आक्षेप माझ्यावर ज्यांनी ज्यांनी घेतला, त्यांच्यापैकी कोणी पर्लकोटा ओलांडून आजाऱ्याला खांदा द्यायला गेल्याचे अद्याप माझ्या ऐकिवात नाही.

फिर्यादी गृहस्थांना आणि त्यांच्या मताच्या सर्वांना माझे आग्रहाचे निमंत्रण आहे. संध्याकाळी सहाच्या सुमारास यावे. चहा होईल. मात्र खुर्ची मिळणार नाही, चटईवर बसावे लागेल; रुईकडे पाहू नये, तिला हाक मारू नये, आणि ती जवळ आली तरी कृपा करून तिला उचलू नये.